मागच्या पिढ्यांचे काय?

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

सर्व स्तुती अल्लाहसाठी, ज्याच्या ज्ञानातून आकाशातील आणि धरतीवरील एकही जीव निसटत नाही, आणि दरूद व सलाम त्या अंतिम प्रेषितांवर (स.), ज्यांना साऱ्या जगासाठी दयास्वरूप बनवून पाठविण्यात आले.



आमच्या परंडा तालुक्यातील मकतबमध्ये येणाऱ्या एका अकरा वर्षांच्या मुलाने गेल्या हिवाळ्यात मला एक प्रश्न विचारला. त्याच्या घराला लागून एका वृद्ध हिंदू बाईंचे घर होते. हा मुलगा त्यांना आजी म्हणत असे. त्याची आई बाळंतपणात आजारी पडली तेव्हा दीड महिना दोन्ही वेळची भाकरी याच आजींच्या चुलीवरून येत होती. रमजानमध्ये घरात कोणाला जाग आली नाही, तर मधल्या भिंतीवर उलथन्याने ठोठावून सेहरीला उठविणाऱ्याही त्याच. त्या वारल्या. दुसऱ्या दिवशी सबक सांगण्याआधी मुलाने खाली मान घालून विचारले, “हाफिजजी, आजी जहन्नममध्ये जाणार का?”

मकतबमध्ये तीस मुले गलका करीत होती, असरची वेळ जवळ आली होती. मी म्हणालो, “कलमा न पढता जो गेला त्याचे उत्तर ठरलेले आहे. चल, सबक काढ.” मुलाने सबक काढला नाही. कायदा मिटला, रुमालात गुंडाळला आणि तो उठून गेला. पुढचे तीन दिवस तो आला नाही.

त्या तीन दिवसांत मला माझेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिले. “उत्तर ठरलेले आहे” असे मी म्हणालो होतो; परंतु ते कोणी ठरविले, कोठे ठरविले, आणि मला कोणी कळविले? मदरशात जे आम्हाला शिकविले गेले ते तर याहून कितीतरी सावध, कितीतरी खोल होते. म्हणून मी पुन्हा ग्रंथ उघडले. ज्या प्रश्नाने त्या मुलाला रडविले, तो किती जुना आहे आणि किती धर्मसमाजांनी त्याच्याशी झुंज घेतली आहे, हे पाहताना जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शेजारच्या जिल्ह्यात जाऊ. सीना नदी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराजवळून निघते आणि आपल्या परंडा तालुक्याच्या कडेने सोलापूरकडे जाते. त्याच अहमदनगर शहरात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू होते. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे मिशन रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यामुळे परिचित आहे. टिळक तेथील ज्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकवीत, ते १८७८ मध्ये सुरू करणारे गृहस्थ म्हणजे डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम. त्यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईतच, एका मिशनरी कुटुंबात झाला होता. १८७४ पासून ते नगरला होते.

या मिशनमागची प्रेरणा काय होती, हे समजून घेतले पाहिजे. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल हे अमेरिकन धर्मप्रचारक आपल्या सहकाऱ्यासह मुंबईत उतरले. त्यांनी सॅम्युएल न्यूएल यांच्याबरोबर १८१८ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या नावातच साठ कोटींचा हक्क मांडलेला होता. म्हणजे जगातील जे साठ कोटी लोक ख्रिस्ताचे नाव न ऐकता मरत आहेत, त्यांचा ख्रिस्ती समाजावरील हक्क. ऐकल्याशिवाय सुटका नाही, म्हणून ऐकविण्यासाठी धावले पाहिजे, ही त्या काळच्या मिशनकार्याची धारणा होती. हॉल स्वतः १८२६ मध्ये प्रचाराच्या दौऱ्यावर असताना नाशिककडच्या भागात पटकीने वारले. माणसाने ज्या गोष्टीसाठी प्राण वेचला, तिच्यामागची कळकळ खरी होती, हे मान्य करण्यात आपले काही कमी होत नाही.

परंतु या धारणेतून एक मोठा पेच उभा राहत होता. जो मराठी शेतकरी हॉल साहेब मुंबईत उतरण्याच्या आदल्या वर्षी मरण पावला, त्याचा अपराध कोणता? त्याच्या बापाचा, आजाचा, पणजाचा अपराध कोणता? गावोगाव फिरणाऱ्या धर्मप्रचारकाला हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हताच.

डॉ. ह्यूम १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत गेले असताना अँडोव्हर येथील धर्मविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलले. अँडोव्हरचे काही प्राध्यापक त्या काळी असे सुचवीत होते की, ज्यांना या जीवनात ख्रिस्ताचा संदेश कधीच मिळाला नाही, त्यांना अंतिम न्यायापूर्वी, मृत्यूनंतर, एखादी संधी मिळू शकेल. ह्यूम यांनी हा विचार सिद्धांत म्हणून नव्हे, तर शक्यता म्हणून सहानुभूतीने मांडला. एवढ्यावरून वादळ उठले. ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांना पाठविले होते, त्याच्या समितीने त्यांना नगरला परत पाठविण्याचे रोखून धरले. ऑक्टोबर १८८६ मध्ये डी मॉइन येथील बोर्डाच्या अधिवेशनात या विषयावर कडाक्याची चर्चा झाली. विरोधकांचे म्हणणे थोडक्यात असे होते: मृत्यूनंतरही संधी असेल, तर समुद्र ओलांडून धर्मप्रचारक पाठवायचे कशासाठी? अखेर १८८७ मध्ये ह्यूम यांना परतण्याची अनुमती मिळाली आणि पुढील कित्येक दशके ते नगरलाच राहिले. तिकडे अँडोव्हरच्या प्राध्यापकांवरील खटला मात्र मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १८९१ मध्ये निकालात निघाला.

हा पेच ह्यूम यांच्याहून जुना आहे. जुन्या गोव्यात ज्यांचा देह आजही जतन केलेला आहे, ते फ्रान्सिस झेव्हियर १५४२ मध्ये गोव्यात आले आणि १५४९ मध्ये जपानला गेले. १५५२ च्या जानेवारीत कोचीहून युरोपातील सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की, जपानमधील नवख्रिस्ती लोकांनी त्यांना आपल्या वाडवडिलांविषयी विचारले. नरकात गेलेल्यांना सोडविण्याचा उपाय नाही, हे उत्तर ऐकून ते लोक रडत राहिले. त्यांचे रडणे पाहून झेव्हियर स्वतःही व्यथित झाले, असे ते लिहितात. जपानी लोकांनी असेही विचारले की, हा देव इतका दयाळू आहे तर त्याने आम्हाला आधी का कळविले नाही? त्यावर झेव्हियर यांनी उत्तर दिले की, खून, चोरी, खोटी साक्ष हे वाईट आहे, हे ज्ञान निर्मात्याने कोणत्याही ग्रंथाआधी प्रत्येकाच्या अंतःकरणात ठेवलेले असते. हे उत्तर आपण ज्याला ‘फितरत’ म्हणतो त्याच्या अगदी जवळ येते. तरीही वाडवडिलांचा प्रश्न शिल्लकच राहिला.

ख्रिस्ती धर्मपंडितांनी यावर शतकानुशतके विचार केला आहे. त्यांच्याच धर्मग्रंथात एकीकडे असे शिकविले आहे की ख्रिस्ताच्या नावावाचून तारण नाही, आणि दुसरीकडे असे की सर्वांचे तारण व्हावे अशी ईश्वराची इच्छा आहे. ही दोन टोके जुळवायची कशी? १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने कठोर टोक धरले: चर्चच्या बाहेर असलेले सर्व जण अग्नीचे धनी. त्याआधी, चौदाव्या शतकाच्या आरंभी, इटलीचा महाकवी दान्ते याने आपल्या काव्यात ज्यांना नाकारणे त्याच्या मनाला कठीण गेले अशांसाठी नरकाच्या पहिल्या वर्तुळात यातनारहित जागा ठेवली. तेथे सॉक्रेटिस आणि प्लेटो यांच्याबरोबर आपले इब्न सीना, इब्न रुश्द आणि सुलतान सलाहुद्दीनही आहेत. पुढे १९६४ मध्ये द्वितीय व्हॅटिकन परिषदेने वेगळी भूमिका स्वीकारली. ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताचा संदेश ठाऊक झाला नाही, परंतु जे प्रामाणिक अंतःकरणाने ईश्वराचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांना तारण मिळू शकते असे परिषदेने म्हटले. एकाच दयाळू ईश्वराची उपासना करणारे म्हणून मुसलमानांचाही तेथे उल्लेख केला. प्रॉटेस्टंट पंथांत आजही यावर एकमत नाही.

बंधू-भगिनींनो, हे सारे सांगण्यामागे दुसऱ्याच्या घरातील वाद चव्हाट्यावर आणण्याचा हेतू नाही. परंड्याच्या त्या मुलाचे अश्रू आणि चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या जपानी माणसांचे अश्रू एकाच जागेतून आले होते, हे मला दाखवायचे आहे. ज्याने प्रेम केले, त्याला हा प्रश्न पडतोच. आता पाहू या की आपल्याला कुरआन काय शिकवितो.

हा प्रश्न कुरआनात जवळजवळ याच शब्दांत आला आहे, आणि तो विचारणारा आहे फिरऔन. सूरह ताहामध्ये (२०:५१-५२) हजरत मूसा (अलै.) त्याच्या दरबारात एकेश्वराचा संदेश देतात, तेव्हा तो विचारतो की, मग पूर्वी होऊन गेलेल्या पिढ्यांचे काय? हा सापळा होता. मूसा (अलै.) “ते सर्व नरकात” म्हणाले असते तर दरबार पेटला असता, “ते सर्व ठीक” म्हणाले असते तर संदेशच निरर्थक ठरला असता. मूसा (अलै.) यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा: त्यांचे ज्ञान माझ्या पालनकर्त्यापाशी एका नोंदीत आहे, माझा पालनकर्ता चुकत नाही आणि विसरत नाही. एका प्रेषिताने, ज्याच्याशी अल्लाह प्रत्यक्ष बोलला, त्याने मागच्या पिढ्यांवर निकाल दिला नाही. मग मकतबच्या चटईवर बसलेल्या माझ्यासारख्याने दोन वाक्यांत निकाल द्यावा काय?

दुसरा आधार सूरह बनी इस्राईलच्या १५ व्या आयतीचा. तेथे दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: कोणी कोणाचे ओझे उचलणार नाही, आणि प्रेषित पाठविल्यावाचून अल्लाह शिक्षा देत नाही. सूरह निसामध्ये (४:१६५) प्रेषित पाठविण्याचे कारणच असे सांगितले आहे की, नंतर लोकांपाशी अल्लाहसमोर कोणतीही सबब उरू नये. सूरह मुल्कमध्ये (६७:८-९) नरकाचे पहारेकरी आत येणाऱ्या प्रत्येक गटाला विचारतात की, तुमच्याकडे सावध करणारा आला नव्हता काय? आणि ते स्वतःच कबूल करतात की आला होता, आम्हीच त्याला खोटे ठरविले. याचा अर्थ, नरकाच्या दारातही पहिली चौकशी संदेश पोहोचल्याची होते. शिवाय सूरह फातिरमध्ये (३५:२४) सांगितले आहे की, ज्यात सावध करणारा होऊन गेला नाही असा एकही समुदाय नाही, आणि सूरह मोमिनमध्ये (४०:७८) असे की, काही प्रेषितांचा वृत्तांत आपल्याला सांगितला आणि काहींचा सांगितलेला नाही. या भरतभूमीत कोण आले, कोणत्या काळी आले, त्यांच्या शिकवणीचा किती अंश टिकला, हे अल्लाहला ठाऊक.

आपल्या उलमांनी यावर सखोल विचार केला आणि त्यांच्यातही मतभेद झाले, हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. इमाम अशअरी यांच्या परंपरेत असे मानले जाते की, संदेश पोहोचल्याशिवाय माणसावर कोणतेच उत्तरदायित्व येत नाही. आपण हनफी लोक ज्या मातुरीदी परंपरेशी जोडलेले आहोत, तिच्यातील अनेक उलमा म्हणतात की, नमाज-रोजाचे ज्ञान प्रेषितावाचून होणार नाही हे खरे. पण आकाश आणि धरती पाहून यांचा एक निर्माता आहे एवढे ओळखणे बुद्धीच्याही आवाक्यात आहे, आणि त्याचा जाब विचारला जाऊ शकतो. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र समान आहे: जे माणसाच्या आवाक्याबाहेर होते, त्याबद्दल अल्लाह त्याला पकडणार नाही.

मुसनद अहमदमध्ये हजरत अस्वद बिन सरीअ (रजि.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. कयामतच्या दिवशी चार जण आपली बाजू मांडतील. बहिरा म्हणेल, इस्लाम आला तेव्हा मला काहीच ऐकू येत नव्हते. वेडसर म्हणेल, तेव्हा पोरे मला घाण फेकून मारीत होती. अतिवृद्ध म्हणेल, मला काही समजतच नव्हते. आणि चौथा, जो दोन प्रेषितांच्या मधल्या काळात मेला, तो म्हणेल, माझ्यापर्यंत तुझा प्रेषित आलाच नाही. अल्लाह त्यांच्याकडून आज्ञापालनाचे वचन घेईल आणि तेथेच त्यांची परीक्षा होईल. त्यांना अग्नीत प्रवेश करण्यास सांगितले जाईल. जो आज्ञा मानून जाईल त्याच्यासाठी तो अग्नी शीतल आणि सुरक्षित होईल.

अँडोव्हरच्या ज्या विचाराने बोर्डात वादळ उठले, त्याच्याशी मिळतीजुळती गोष्ट आपल्या हदीस-ग्रंथांत त्याआधी एक हजार वर्षे लिहिलेली होती. आणि आपल्याकडेही तिच्यावर चर्चा झाली. अंदलुसचे इमाम इब्न अब्दुल बर्र यांनी आक्षेप घेतला की, परलोक हे मोबदल्याचे स्थान आहे, परीक्षेचे नव्हे. इमाम इब्न कसीर यांनी आपल्या तफसीरमध्ये बनी इस्राईलच्या याच आयतीखाली या सर्व हदीसा एकत्र करून त्या आक्षेपाला उत्तर दिले आणि परीक्षेचे मत उचलून धरले. या मतभेदापायी कोणी कोणाला धर्माबाहेर काढले नाही, ही गोष्ट आज विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

लहान मुलांविषयी तर सहीह बुखारीत हजरत समुरह बिन जुंदुब (रजि.) यांची दीर्घ हदीस आहे. प्रेषितांना (स.) स्वप्नात एका बागेत हजरत इब्राहीम (अलै.) दिसले आणि त्यांच्या भोवती फितरतीवर मरण पावलेली मुले होती. कोणीतरी विचारले, “अनेकेश्वरवाद्यांची मुलेही?” प्रेषितांनी (स.) उत्तर दिले की, तीही.

आता या विषयातील जे वचन मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते, त्याकडे येतो. सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय असा की, या उम्मतीपैकी जो कोणी, मग तो यहुदी असो वा ख्रिस्ती, माझ्याविषयी ऐकेल आणि मी जे घेऊन आलो त्यावर ईमान न आणता मरेल, तो नरकवासीयांपैकी असेल. हे वचन आपण लपवीत नाही. सत्य एक आहे, अंतिम प्रेषितांवर (स.) श्रद्धा अनिवार्य आहे, आणि ज्याला सत्य कळले व ज्याने हट्टाने ते नाकारले त्याचा मामला गंभीर आहे. परंतु उलमांनी विचारले की, येथे ‘ऐकणे’ म्हणजे नेमके काय?

इमाम गजाली (मृत्यू हि. ५०५, इ. स. ११११) यांनी ‘फैसलुत्तफरिका’ या ग्रंथात लोकांचे तीन गट केले. पहिला, ज्यांच्यापर्यंत प्रेषितांचे (स.) नावही पोहोचले नाही, ते क्षम्य आहेत. दुसरा, ज्यांना त्यांचे नाव, गुण आणि चमत्कार नीट कळले, जे मुसलमानांमध्ये राहिले, आणि तरीही ज्यांनी नाकारले; ते उत्तरदायी आहेत. तिसरा गट या दोहोंच्या मधला आहे. त्यांनी नाव ऐकले, पण लहानपणापासून वाईटच ऐकले. मुहम्मद नावाच्या कोणा खोट्या माणसाने प्रेषितत्वाचा दावा केला, एवढेच त्यांच्या कानावर पडले. इमाम गजाली म्हणतात की, माझ्या मते हे लोक पहिल्या गटासारखेच आहेत, कारण अशा ऐकण्याने माणसाला शोध घेण्याची प्रेरणा होत नाही. आपल्या काळातील दूरच्या रोमन ख्रिस्ती आणि तुर्कांपैकी बहुतेकांना अल्लाहची दया व्यापून घेईल, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली.

बंधू-भगिनींनो, या तिसऱ्या गटाचा विचार करताना मी त्या आजींच्या घरासमोर जाऊन उभा राहिलो, आणि प्रश्नाची दिशाच बदलली. त्या सत्तर वर्षे मुसलमानांच्या भिंतीला भिंत लावून राहिल्या. पाच वेळची अजान त्यांनी ऐकली. पण अजानचा अर्थ त्यांना मराठीत कोणी कधी सांगितला होता काय? प्रेषितांचे (स.) चरित्र त्यांच्या भाषेत कोणी त्यांच्या हाती दिले होते काय, किंवा वाचता येत नव्हते तर ओसरीवर बसून ऐकविले होते काय? त्यांनी आमच्याविषयी जे पाहिले ते काय पाहिले? आठवडी बाजारात मापात मारणारा मुसलमान दुकानदार? उसने घेऊन तोंड चुकविणारा? बहिणीचा वारसाहक्क बुडवून उरुसात मिरविणारा? मध्यरात्रीपर्यंत लाऊडस्पीकर लावून आजारी माणसाची झोप मोडणारे तरुण? आमच्या आचरणाने जर त्या प्रेषितांचे (स.) चित्रच विकृत केले असेल, तर इमाम गजालींच्या म्हणण्याप्रमाणे त्या आजी कदाचित क्षम्य ठरतील, पण ते चित्र विकृत करणारे आम्ही कोणत्या गटात बसू?

अल्लाहने सूरह बकराहमध्ये (२:१४३) या उम्मतीला लोकांवर साक्षीदार बनविल्याचे सांगितले आहे. अरफातच्या मैदानात प्रेषितांनी (स.) लोकांना विचारले होते की, मी पोहोचविले ना? लोकांनी साक्ष दिली. मग त्यांनी आज्ञा दिली की, उपस्थितांनी अनुपस्थितांपर्यंत पोहोचवावे. आजींचा हिशोब अल्लाहपाशी आहे. परंतु आजींच्या बाबतीत माझा हिशोब मात्र माझ्यापुढे उघडा पडला आहे.

येथे नगरच्या त्या जुन्या वादातील शंका कोणी काढील. अज्ञान ही जर सबब असेल, तर लोकांना अज्ञानातच राहू देणे बरे नाही का? कशाला सांगायचे आणि उत्तरदायित्व वाढवायचे? याचे उत्तर साधे आहे. ज्या रोग्याला औषध आहे हे ठाऊकच नव्हते, त्याने औषध घेतले नाही म्हणून कोणी त्याला दोष देणार नाही. पण म्हणून त्याचा ताप उतरत नाही. आपल्या निर्मात्याला ओळखणे, त्याच्यापुढे झुकणे, त्याच्याशी बोलणे ही या जगातच मिळणारी देणगी आहे. ज्यांच्यावर आपले प्रेम आहे त्यांना ती न सांगणे ही दया नव्हे. आपण संदेश सांगतो तो अल्लाहच्या न्यायाला आपल्या मदतीची गरज आहे म्हणून नव्हे. तो आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, म्हणून आपण तो सांगतो. आणि अमानत बळजबरीने, वाद घालून, हिणवून दिली जात नाही. ती सन्मानाने सुपूर्द केली जाते.

म्हणून दोन चुकांपासून सावध राहू या. एक चूक म्हणजे, “सगळे रस्ते सारखेच, ईमानाची काय गरज” असे म्हणणे. कुरआनाने हे शिकविले नाही. दुसरी चूक, जी मी केली, ती म्हणजे अमुक माणूस नरकात गेला असा निकाल नावानिशी देणे. हजरत उसामा (रजि.) यांनी युद्धात कलमा उच्चारणाऱ्याला मारले आणि तो भीतीने म्हणाला असे सांगितले, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले होते की, तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय? शेवटच्या घटकेला त्या आजींच्या हृदयात काय होते, हे कोणी चिरून पाहिले? सहीह मुस्लिममध्ये आणखी एका माणसाची गोष्ट आहे. अल्लाह अमक्याला कधीच क्षमा करणार नाही, असे तो शपथेवर म्हणाला. अल्लाहने फर्मावले की, माझ्या नावाने अशी शपथ घेणारा हा कोण? मी त्याला क्षमा केली आणि तुझी कर्मे वाया घालविली. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

शेजाऱ्याच्या मृत्यूसमयी काय करावे, हेही प्रेषितांनी (स.) दाखवून दिले आहे. एका यहुदीची अंत्ययात्रा जात असताना ते उठून उभे राहिले. लोक म्हणाले, हा तर यहुदी आहे. त्यांनी विचारले की, तो एक जीव नव्हता काय? तेव्हा आपण शेजाऱ्याच्या दुःखात जावे, त्याच्या घरच्यांना धीर द्यावा, लाकडे वाहून न्यायची असतील तर खांदा द्यावा, दहा दिवस त्यांच्या घरी चूल पेटत नसेल तर आपल्या घरातून अन्न पाठवावे. मृत्यूनंतर मगफिरतीच्या दुआला शरीअतने मर्यादा घातली आहे आणि ती आपण पाळतो. परंतु दुआ न मागणे ही एक गोष्ट आहे आणि शिक्षा सुनावणे ही अगदी दुसरी. पहिलीत आज्ञापालन आहे. दुसरीत अल्लाहच्या आसनावर बसण्याचे धाडस आहे.

चौथ्या दिवशी मी स्वतः त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांसमोर त्याला म्हणालो, “बाळा, त्या दिवशी मी जे बोललो ते मला माहीत नसताना बोललो. त्याबद्दल मी अल्लाहची माफी मागितली आहे, तूही मला माफ कर. आजींचा हिशोब त्याच्याकडे आहे, जो चुकत नाही आणि विसरत नाही. तुझ्या घरी आलेली एकही भाकरी त्याच्या नोंदीतून सुटलेली नाही.” मुलाने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, “भिंतीवर ठोठावलेलं पण लिहिलंय?” मी म्हणालो, “तेही.” प्रेषितांनी (स.) एकदा कैद्यांमध्ये आपले हरवलेले मूल शोधून छातीशी धरणारी आई पाहून सोबत्यांना विचारले होते की, ही आपल्या बाळाला आगीत टाकील काय? आणि सांगितले होते की, अल्लाह आपल्या दासांवर याहून अधिक दयाळू आहे. ही हदीस मी त्याला ऐकविली. मग त्याच्या वडिलांना म्हणालो की, आजींच्या मुलांकडे अजून आपण गेलो नाही. आम्ही तिघे उठलो आणि भिंतीपलीकडच्या घरी गेलो.

हे अल्लाह, आमच्या जिभांना तुझ्या निकालात ढवळाढवळ करण्यापासून वाचव. तुझा संदेश आमच्या आचरणाने झाकला जाऊ देऊ नकोस. ज्यांच्यापर्यंत तो पोहोचविणे आमच्यावर बंधनकारक होते आणि आम्ही पोहोचविला नाही, त्यांच्याविषयी आम्हाला क्षमा कर, आणि जे आज आमच्या भिंतीपलीकडे हयात आहेत त्यांच्याशी सत्याने, न्यायाने आणि मायेने वागण्याची बुद्धी दे. आमीन.